नवरात्राचे नऊ रंग आणि त्यांची गाणी: राखाडीचं काय करायचं?

प्रश्न असा आहे: सोसायटीच्या महिला मंडळाला नवरात्रात एका संध्याकाळी 'नऊ रंग, नऊ गाणी' असा दीड तासाचा कार्यक्रम करायचा आहे. गाणाऱ्या सगळ्या हौशी, साथीला एक पेटी, एक तबला आणि काही गाण्यांना कराओके ट्रॅक. हिरव्या-निळ्याची गाणी ढीगभर सापडली. राखाडी, जांभळा आणि मोरपंखी यांपाशी गाडी अडली. गाणी कोणती घ्यावीत, क्रम कसा लावावा आणि कुठे फसायला होतं?

आधी रंगांची यादी पक्की करा. दरवर्षी क्रम बदलतो म्हणून लोक कॅलेंडर शोधत बसतात, पण त्यामागचा हिशेब सोपा आहे. पहिले सात रंग वाराला बांधलेले आहेत: रविवार नारिंगी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. घटस्थापना ज्या वारी, तिथून सुरुवात. आठव्या-नवव्या दिवशी तेच वार पुन्हा येतात, म्हणून तिथे गुलाबी, जांभळा आणि मोरपंखी यांतले दोन लागतात. ते दोन कोणते हे वर्षागणिक बदलतं. त्यामुळे तिन्हींची गाणी बसवून ठेवलीत की पुढच्या वर्षीही यादी उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट, गाणी शोधताना रंगाचं नाव टाकून शोधू नका. तसं केलं की होळीची गाणी आणि 'गोरी'ची गाणी यांचाच पूर येतो. मराठी गाण्यात रंग बहुतेकदा स्वतःच्या नावाने येतच नाही; तो वस्तूतून येतो. पिवळा हळदीतून, नारिंगी शेंदरातून, पांढरा मोगऱ्यातून आणि चांदण्यातून, राखाडी विभूतीतून आणि ढगातून. वस्तू शोधा, रंग आपोआप मिळतो. राखाडीचं कोडंही असंच सुटतं.

राखाडी म्हणजे राखेचा रंग, आणि राख अंगाला फासणारा देव मराठी माणसाला तोंडपाठ आहे. समर्थ रामदासांची शंकराची आरती काढा. दुसरं कडवं असं:

कर्पूरगौरा भोळा नयनीं विशाळा ।
अर्धांगीं पार्वती सुमनांच्या माळा ।
विभूतीचें उधळण शितिकंठ नीळा ।
ऐसा शंकर शोभे उमावेल्हाळा ॥

चार ओळींत कापराचा पांढरा, विभूतीचा राखाडी, कंठाचा निळा, आणि अर्धांगी पार्वती असल्यामुळे नवरात्राशी नातंही जुळलं. पहिल्या कडव्यात 'विषें कंठ काळा' आहे, म्हणजे तोच कंठ एकदा काळा आणि एकदा निळा. निवेदनाला एवढं पुरे, आणखी काही जोडू नका. गाताना दोन ठिकाणी जीभ घसरते. सुरुवात 'लवथवती' अशी आहे, 'लवलवती' नव्हे. आणि शब्द 'शितिकंठ' आहे, 'शीतकंठ' नव्हे. शिती म्हणजे काळसर. आरती सगळ्यांना पाठ असते ती चुकांसकट, म्हणून छापील प्रत समोर ठेवून एकदा सगळ्यांनी मोठ्याने वाचाच. नेहमीच्या आरतीच्या वेगाने म्हटली तर दोन मिनिटांत संपते. लय जवळजवळ निम्मी करा, पहिलं कडवं एकीने, दुसरं दुसरीने, आणि 'जय देव जय देव' सगळ्यांनी. टाळ फक्त ध्रुवपदाला. मग ती आरती न राहता गाणं होते.

ज्यांना आरती नको, त्यांच्यासाठी दुसरा पर्याय 'सांज ये गोकुळी': सुधीर मोघे यांचे शब्द, श्रीधर फडके यांची चाल, 'वजीर' (1994) मधलं आशा भोसले यांचं गाणं. त्यातला रंग नेमका राखाडी नाही, सावळा आहे, पण राखाडी साडी नेसून ते गायलं तर कुणी हरकत घेणार नाही. ढगांचं 'नभ उतरू आलं' अनेकांना सुचतं. ते सुंदरच आहे, पण ते 'जैत रे जैत'मधलं, आणि जांभळ्यासाठी आपल्याला त्याच चित्रपटाकडे जायचं आहे. एका कार्यक्रमात एकाच चित्रपटाची दोन गाणी टाळलेली बरी.

जांभळ्याला 'जांभुळपिकल्या झाडाखाली'. ना. धों. महानोर यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत, 1977 सालचा चित्रपट. रंगाचं नाव नाही, पण जांभूळ म्हटलं की बोटांना आणि जिभेला लागलेला तो रंग समोर येतो. इथे फसगत होते ती ठेक्यात. गाण्याचा जीव ढोलात आहे. नुसत्या तबल्यावर ते भावगीतासारखं मवाळ वाटतं. ढोल मिळत नसेल तर ढोलकी घ्या, ती नसेल तर तबलजींना डग्ग्यावर (जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्यावर) भर द्यायला सांगा आणि चौघींनी टाळ्यांचा ठेका धरा. या गाण्याला कराओके ट्रॅक वापरलात तरी चालेल, मात्र तो ट्रॅक ऐकून घ्या. कीबोर्डवरचा खोटा ढोल असेल तर नको.

मोरपंखीसाठी फार शोधायला नको. 'श्रावणात घननिळा बरसला' या मंगेश पाडगावकरांच्या गीताच्या मुखड्यातच झाडांतून उलगडणारा हिरवा मोरपिसारा आहे. श्रीनिवास खळ्यांची चाल, लताबाईंचा आवाज. शब्द नीट वाचलेत तर पुढे पाचूचा हिरवा आणि हळदीच्या उन्हाचा पिवळाही सापडेल. रंगांच्या दृष्टीने इतकं श्रीमंत मराठी भावगीत दुसरं चटकन आठवत नाही. पण हौशी मंडळात सर्वांत जास्त वेळा बिघडतं तेही हेच. कारण खळ्यांनी अंतऱ्यांना वेगवेगळ्या चाली दिल्या आहेत. एक अंतरा बसला म्हणजे बाकीचे आलेच, या हिशेबाने लोक तालमीला येतात आणि दुसऱ्या अंतऱ्याला पहिल्याची चाल लावून मोकळे होतात. मग मुखड्यावर परत येताना सूर सापडत नाही. उपाय: चारही अंतऱ्यांचा हट्ट सोडा. 'रंगांच्या रानात' आणि 'पाचूच्या हिरव्या माहेरी' हे दोनच घ्या, कारण रंग तिथेच आहेत. पूर्ण लांबीचा कराओके ट्रॅक मग चालणार नाही, तो मध्ये कापला की सांधा ऐकू येतो. हे गाणं पेटी-तबल्यावरच करा. मंडळात जिचा गळा सर्वांत तयार असेल तिलाच द्या, आणि ते समूहात गाऊ नका. खळ्यांच्या चालीतल्या बारीक जागा आठ गळ्यांत एकसारख्या निघत नाहीत.

नारिंगी आणि पिवळा हे दोन रंग नवरात्राच्या आरतीतच आहेत, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. 'अश्विन शुद्धपक्षी अंबा बैसली सिंहासनी हो' ही आरती दिवसावार आहे. द्वितीयेच्या कडव्यात 'कस्तुरी मळवट भांगी शेंदूर भरूनी हो', आणि तृतीयेच्या कडव्यात 'कांसे पीतांबर पिवळा हो'. ही दोन कडवी सलग गायलीत तर दोन रंग एका दमात होतात, वेळही वाचतो आणि देवीचं गाणं कार्यक्रमात आलं पाहिजे ही आजींची मागणीही पुरी होते. 'उदो बोला उदो' ला प्रेक्षकांना सामील करून घ्या. त्यांना शिकवावं लागत नाही. पिवळ्याला स्वतंत्र गाणं हवंच असेल तर तुमच्या भागातलं हळदीचं पारंपरिक गाणं एखाद्या ज्येष्ठ बाईंकडून उतरवून घ्या. ते साथीशिवाय, नुसत्या आवाजात जास्त खुलतं.

नारिंगीला जरा नखरा हवा असेल तर 'कळीदार कपुरी पान' आहे: राजा बढे यांची लावणी, खळ्यांचंच संगीत, सुलोचना चव्हाण यांचा ठसका. त्यात केसरी चुना येतो. ही बैठकीची लावणी आहे, नाचाची नाही. उभं राहून हातवारे करत गायली की तिचा तोल जातो. बसून, शब्दांवर जोर देत गा.

पांढऱ्यासाठी वेगळं गाणं खर्ची घालायची गरज नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सरस्वतीवंदना होतेच, ती 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' घ्या. धवल, शुभ्रवस्त्र, श्वेतपद्म असं सगळं पांढरंच पांढरं. शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीला 19 अक्षरं, आणि बाराव्या अक्षरावर यती. म्हणजे 'धवला' वर थांबायचं, मग 'या शुभ्रवस्त्रावृता'. समूहात श्लोक फिसकटतो तो श्वास भलतीकडे घेतल्याने. बाराव्या अक्षरावर सगळ्यांनी एकत्र श्वास घ्यायचा एवढा एकच नियम पाळा. गाणंच हवं असेल तर ज्ञानदेवांचं 'मोगरा फुलला', हृदयनाथांच्या चालीत. पांढऱ्याला 'गोरी गोरी पान' मात्र लावू नका. गाणं गोड आहे, वहिनी मागणाऱ्या लहान मुलीचं आहे, पण गोरेपणाचं कौतुक हा पांढऱ्या रंगाचा विषय नव्हे. ऐकायला बसलेल्या पन्नास बायकांपैकी किती जणींना लहानपणी रंगावरून ऐकून घ्यावं लागलं असेल, याचा विचार यादी करताना करावा. 'हम काले हैं तो क्या हुआ' सारखं गाणं एखाद्या सावळ्या काकांना पुढे करून म्हणायला लावणं, हाही त्यातलाच प्रकार.

लालला मराठीपेक्षा हिंदी सोपं पडतं. 'हवा में उडता जाए मेरा लाल दुपट्टा मलमल का', 'बरसात' (1949), शंकर-जयकिशन यांचा पहिलाच चित्रपट. साठी ओलांडलेल्या बायका हे गाणं लागलं की खुर्चीतून उठतात. ताल केरवा आहे, वेग मूळचा ठेवा. सावकाश केलं तर दुपट्टा उडत नाही. निळ्याला 'हमराज' (1967) मधलं साहिर-रवी यांचं 'नीले गगन के तले'. मूळ गाणं महेंद्र कपूर यांचं, त्यामुळे बाजारातला कराओके ट्रॅक पुरुषी पट्टीचा असतो. त्याबद्दल खाली लिहितो. मराठीच हवं तर माणिक वर्मा यांचं 'घननीळा लडिवाळा' आहेच. हिरव्याला पर्याय इतके आहेत की निवड करणं हेच काम. लहान मुलींना स्टेजवर आणायचं असेल तर बालकवींच्या 'फुलराणी'ची सुरुवात, 'हिरवे हिरवे गार गालिचे', म्हणून घ्या. नाच हवा असेल तर 'नवरा माझा नवसाचा' (2004) मधलं 'हिरवा निसर्ग हा'. गुलाबीला 2024 पासून चर्चाच नको: संजू राठोडचं 'गुलाबी साडी', ज्यात लालीचा लालही आहे. ते ट्रॅकवरच करा, त्याचा ठेका तबल्याच्या हद्दीतला नाही.

आता पट्टी. पेटीवर बसणाऱ्याचा पहिला प्रश्नही रंगाचाच असतो: काळी की पांढरी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला 'सा' धरायचा? हौशी बायकांचे गळे साधारण काळी तीन ते काळी चार या पट्ट्यांत आरामात राहतात. लताबाई-आशाबाईंच्या मूळ ध्वनिमुद्रिकांच्या पट्टीत गायचा हट्ट धरला की अंतऱ्यात ओरडा होतो. पट्टी ठरवताना मुखडा गाऊन ठरवू नका. अंतऱ्यातली सर्वांत उंच ओळ आधी गाऊन बघा, ती न ताणता लागली तर पट्टी बरोबर. मग मुखड्यातला सर्वांत खालचा सूर ऐकू येतोय ना ते पाहा. दोन्ही जमेनात तर गाणं बदला, गायिकेला दोष देऊ नका.

तबला एकच असेल तर तो काळी एकला लावून घ्या. काळी तीनमध्ये गाणाऱ्या गायिकेला तो पंचम ('प') होतो, काळी चारवालीला मध्यम ('म') होतो, आणि एखादे काका काळी एकमध्ये गाणार असतील तर त्यांना षड्ज ('सा'). म्हणजे अख्खा कार्यक्रम एका तबल्यावर निभावतो. अपवाद फक्त मध्यम नसलेल्या किंवा तीव्र मध्यमाच्या गाण्यांचा. 'नीले गगन के तले' भूप रागाच्या अंगाने जातं, त्यात मध्यम नाही. ते काळी चारमध्ये घेतलंत तर तबल्याचा मध्यम सतत टोचत राहील आणि काय बिघडलंय ते कुणाला कळणारही नाही. काळी तीनमध्ये घ्या, तिथे तबला पंचमात बसतो. यमन रागाच्या अंगाचं काही असेल तर हेच लागू.

कराओके ट्रॅकची पट्टी मोबाइलवरच्या अ‍ॅपने बदलता येते, पण दोन सुरांपर्यंतच. त्याहून जास्त वर-खाली केलं की ढोलक पिंपासारखा नाहीतर डबड्यासारखा वाजायला लागतो. पुरुषाच्या गाण्याचा ट्रॅक बाईच्या पट्टीत आणायचा म्हणजे चार-पाच सुरांचा फरक. असा ट्रॅक करून देणाऱ्यांकडून मागवा किंवा सरळ पेटी-तबल्यावर या. फोन स्पीकरला ब्लूटूथने जोडू नका. आवाज किंचित उशिरा येतो आणि पडद्यावरचे शब्द पुढे पळतात. वायर लावा, फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन अंतऱ्यात कुणाच्या तरी पतपेढीचा फोन वाजणं हा नवरात्रातला नेहमीचा प्रसंग आहे. शब्द कागदावर, मोठ्या अक्षरात; वाचायचा चष्मा घरी राहतो हे गृहीत धरा.

वेळेचा हिशेब: नऊ गाणी सरासरी साडेचार मिनिटांची धरली तर 40 मिनिटं. वंदना आणि शेवटची भैरवी मिळून 8. निवेदन प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे सव्वाशे शब्दांच्या आत, एकूण 10. माईकची देवाणघेवाण, पेटीची पट्टी बदलणं, कुणीतरी स्टेजवर न सापडणं, यात आणखी 10. झाली सत्तर मिनिटं. उरलेली वीस दीपप्रज्वलन, सत्कार आणि अध्यक्षांच्या 'दोन शब्दां'त जातात. त्यामुळे दहावं गाणं घुसडू नका. लाऊडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा असते. काही ठरावीक दिवशी प्रशासन सवलत देतं, पण तुमचा दिवस त्यात आहे का ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. तिकीट किंवा प्रायोजक असेल तर गाण्यांच्या सार्वजनिक सादरीकरणासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो. कार्यक्रम फेसबुकवर किंवा यूट्यूबवर थेट दाखवलात तर कराओके ट्रॅक असलेल्या भागाचा आवाज बंद होण्याची शक्यता असते. पेटी-तबल्याच्या गाण्यांना तो धोका कमी.

क्रम दिवसांप्रमाणे लावायचा मोह टाळा. वारांचा क्रम गाण्यांच्या लयीचा विचार करत नाही. तीन संथ गाणी लागोपाठ आली की मागच्या रांगा चहाला उठतात. पांढऱ्या वंदनेने सुरुवात, लगेच शेंदूर-पिवळ्याची आरती, म्हणजे सगळे टाळ्या वाजवत सामील. मग हिरवा मुलींचा. त्यानंतर सभागृह शांत झालं की मोरपंखीचं 'श्रावणात', मग निळा. इथे लय पडते, म्हणून पुढे लाल दुपट्टा. राखाडीची आरती त्यानंतर, आणि तिच्यामागून जांभळ्याचा ढोल. आरतीच्या संथपणावर तो ढोल दुप्पट चढतो. गुलाबी साडी शेवटून दुसरी. ज्या वर्षी गुलाबी नसेल त्या वर्षी तिथे लावणी चालेल. काळी तीनची गाणी एकत्र, काळी चारची एकत्र ठेवता आली तर पेटीवाल्याचे आशीर्वाद मिळतील, पण त्यासाठी लयीचा क्रम मोडू नका.

काळा या नवांत नाही. सणाला काळं नको म्हणून नसेल, पण गाण्यांच्या बाजूने पाहिलं तर हे नुकसानच. 'रात्र काळी घागर काळी, यमुनाजळेंही काळी वो माय' ही विष्णुदास नाम्याची गौळण एकाच रंगात रात्र, घागर, पाणी, काचोळी, कृष्ण सगळं बुडवून टाकते. ती संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी राखून ठेवा. तेव्हा सगळ्या काळ्या साड्यांतच असतात.

शेवटाला सोयराबाईंचा 'अवघा रंग एक झाला'. किशोरीताई आमोणकरांनी गायलेला हा अभंग घरोघरी पोचला आहे, आणि तो भैरवीत असल्याने समारोपाच्या जागी चपखल बसतो. त्यांच्यासारखा विस्तार करायला जाऊ नका. भजनी ठेका, एक जण ओळ सांगणार, बाकीच्या झेलणार, पाच-सहा मिनिटं पुरेत. नऊ रंगांच्या साड्यांतल्या नऊ जणी एका ओळीत उभ्या राहिल्या की निवेदिकेने या क्षणी काहीही बोलू नये. आणि 'गुलाबी साडी'ला वन्स मोअर येणार हे धरूनच चाला. तो द्यायचा असेल तर तिथल्या तिथे द्या. भैरवी झाल्यावर पुन्हा ट्रॅक लावायचा नाही, हे आवाजाच्या टेबलावर बसणाऱ्या पोरालाही तालमीच्या दिवशीच सांगून ठेवा.